सेरेमोनियल काकाओ प्यायल्याने शरीराला आणि मनाला खरंच फायदा होतो का?

तुम्ही लिहिलंय की मैत्रीण काकाओ सेरेमनीला (गटाने बसून वाटलेल्या कोको बियांचं गरम पेय पिण्याचा विधी) बोलावतेय, त्याने रक्तदाब उतरतो आणि हृदय उघडतं असं ती सांगते, तर जावं का आणि पुढे रोज प्यावा का. मी फार्मासिस्ट आहे, काकाओ मला मनापासून आवडतो, आणि या 'हृदय उघडतं'वरून माझं सख्ख्या बहिणीशी बिनसलंय. त्यामुळे उत्तर लांबणार.

रक्तदाबाचं आधी. काकाओच्या बियांत फ्लॅव्हनॉल नावाची वनस्पतिजन्य द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर जास्त नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि वाहिन्या सैलावतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2012 मध्ये रोजच्या 200 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलसाठी हा दावा मान्यही केला. अमेरिकेत 21,442 वयस्क लोकांवर कॉसमॉस नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू 27 टक्क्यांनी कमी दिसले. पण हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं धरून जो मुख्य निकष ठेवला होता, त्यात ठाम फरक पडला नाही. आणि ती माणसं कॅप्सूल घेत होती, मोजून भरलेल्या. तुमच्या मैत्रिणीच्या पेल्यात किती फ्लॅव्हनॉल आहेत हे कुणीच मोजलेलं नसतं. बिया आंबवल्या, भाजल्या की ते घटतात, आणि सेरेमनीसाठी विकला जाणारा काकाओही बहुतेक वेळा आंबवलेला आणि भाजलेलाच असतो. 'सेरेमोनियल ग्रेड' हा दर्जा कुठल्याही कायद्याने ठरवलेला नाही, तो तपासणारी संस्था नाही. साखर न घालता, बियांची स्वतःची चरबी (कोको बटर) न काढता वाटलेल्या बिया, एवढंच ते असतं. पदार्थ उत्तम आहे. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती मात्र तशीच चालू राहू द्या.

आता ज्याबद्दल सेरेमनीत कुणी बोलत नाही ते. एका वेळेला साधारण 40 ग्रॅम देतात. त्यात निम्मी चरबी, 250 च्या आसपास कॅलरी, 30-35 मिलिग्रॅम कॅफिन आणि जवळपास 500 मिलिग्रॅम थिओब्रोमिन. कॅफिन कॉफीच्या कपापेक्षा कमी, म्हणून लोक निर्धास्त असतात. थिओब्रोमिन हे कॅफिनचंच भावंड, पण मेंदूपेक्षा हृदय, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडांवर त्याचा जोर जास्त. दोन-तीन तासांनी ते रक्तात सर्वात जास्त होतं, आणि त्यातलं निम्मं उतरायला सहा ते दहा तास लागू शकतात. मात्रा जास्त झाली की नाडी पळते, मळमळतं, घाम सुटतो, डोकं दुखतं. सगळ्यांना होतं असं नाही. माझ्या बहिणीला झालं.

ती माझ्याहून धाकटी. बाबा गेले तेव्हा ती रडलीच नाही. दाखले, बँका, बाबांच्या कपड्यांचं कपाट, सगळं तिनेच आवरलं, आणि मग कित्येक महिने ती नुसती कोरडी वागत होती. कुणीतरी तिला काकाओ सेरेमनीबद्दल सांगितलं. "ताई, तू पण चल," म्हणाली, मी गेले. आदल्या रात्रीपासून उपाशी या अशी सूचना होती. बहिणीला पूर्वीपासून मधूनच छाती धडधडायचा त्रास, त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल ही ठोके हळू करणारी गोळी चालू. पोटात काही नको म्हणून तिने सकाळची गोळीही घेतली नव्हती, हे मला नंतर कळलं. दारात औषधांबद्दल एक प्रश्न कुणी विचारला नाही. मी स्वतःहून फॅसिलिटेटर, म्हणजे सेरेमनी चालवणाऱ्या बाईंना तिच्या धडधडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काकाओ ज्याला जेवढा हवा तेवढाच काम करतो." अर्धा पेला घे, असं मी बहिणीला बजावलं. तिने पूर्ण घेतला, आणि पेला दुसऱ्यांदा फिरत आला तेव्हा तोही घेतला.

मग डोळे मिटून बसायचं, हळूहळू संगीत, प्रत्येकाने मनातला संकल्प धरायचा. बराच वेळ गेला आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तसं, मोठ्याने, बाबांना हाका मारत. मी तिचा हात धरून बसले होते. तो क्षण मी आजही खोटा म्हणणार नाही.

त्यानंतर तिचा हात गार पडला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, मग उलटी. मनगटावर बोटं ठेवली तर नाडी 140 च्या वर. मी तिला उठवायला लागले तशा बाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हृदय उघडतंय तिचं. शुद्धी होतेय. मध्ये येऊ नका." मी मध्ये आले. तिला उचलून बाहेर नेलं आणि तिथून थेट ईसीजीला. ठोके वेगाने पडत होते पण लय बिघडलेली नव्हती. सलाइन दिलं, लक्ष ठेवलं, रात्रीपर्यंत नाडी खाली आली.

बहीण मला त्याबद्दल अजून माफ करत नाही. तिचं म्हणणं, बाबांसाठी ती पहिल्यांदा रडत होती आणि ताईने तिला तिथून ओढून नेलं. प्रत्येक सणावाराला, प्रत्येक फोनवर हे निघतं. तर हे तिच्यासाठीही लिहितेय, ती इथे वाचते. रडू तुझं होतं. ते तुझ्या आत महिनोन् महिने साठलेलं होतं, आणि निवांत खोलीत, कुणीही काही काम सांगत नसताना, शेजारी बहीण असताना ते बाहेर आलं. धडधड काकाओची होती, रिकाम्या पोटी, गोळी चुकवून, दोन पेल्यांची. या दोन गोष्टी एका वेळी झाल्या म्हणून एक होत नाहीत. त्या बाईंनी दोन्हींना एकच नाव दिलं, आणि याचा मला आजही संताप येतो.

आध्यात्मिक फायद्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो रेणूत नाही. काकाओत फेनिलइथिलअमाइन असतं, 'प्रेमाचा रेणू' वगैरे सांगतात, पण ते तोंडावाटे घेतलं की आतडी-यकृतातलं मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे एन्झाइम त्याचा बहुतेक फडशा मेंदूपर्यंत पोचण्याआधीच पाडतं. आनंदामाइड हे गांजासारखं काम करणारं द्रव्य 1996 मध्ये चॉकलेटात सापडलं, पण इतकं थोडं की पेल्याने काही घडावं असं नाही.

मग सेरेमनीवाले ऐकवतात ते 'पाच हजार वर्षांची माया परंपरा' हे वाक्य. माया म्हणजे मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे मूळ लोक. काकाओ वापरल्याच्या सर्वात जुन्या, साधारण 5,300 वर्षांपूर्वीच्या खुणा इक्वाडोरमधल्या सांता आना-ला फ्लोरिडा इथल्या आहेत. तिथली मायो-चिंचिपे संस्कृती मायांची नव्हे. मायांचं काकाओशी असलेलं नातं खरंच खोल आहे, त्याला असल्या फुगवट्याची गरज नाही. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल इथे थडग्यात झाकण फिरवून बसवायचं भांडं सापडलं, त्यावर काकाओचं चित्राक्षर आणि आत थिओब्रोमिनचे अंश. प्रिन्स्टनच्या संग्रहालयातल्या माया पेल्यावर एक स्त्री उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात द्रव ओततेय, फेस यावा म्हणून. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये काकाओच्या बागा असलेले लोक मायांच्या मुवान महिन्यात 'एक चुआह' नावाच्या देवाचा उत्सव करत, असं दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने सोळाव्या शतकात लिहून ठेवलंय. आजही ग्वाटेमालात माया पुरोहित अग्नीत काकाओच्या बिया अर्पण करतात. यात देव आहे, जमीन आहे, पूर्वज आहेत, आपली माणसं आहेत. गादीवर आडवं पडून आपापलं हृदय उघडण्याचा जो प्रकार जगभर चालतो, तो याच शतकात प्रामुख्याने ग्वाटेमालातल्या आतित्लान सरोवराकाठून पसरला. नवीन असणं वाईट नाही, पण नवीनला नवीन म्हणावं. आणि मायांच्या तोंडी अनाहत चक्र घालू नये.

गटाने शांत बसणं, कडू गरम पेला दोन्ही हातांत धरून घोट घोट पिणं, एखादी गोष्ट मनात धरणं, याने माणूस मोकळा होतो. मी पाहिलंय. तेवढ्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. पण जाण्याआधी फॅसिलिटेटरला फोन करून तुमची औषधं सांगा. त्यांनी उलट प्रश्न विचारले, मात्रा कमी करू म्हणाले, तर माणूस जबाबदार आहे. 'काकाओला कळतं' असं उत्तर आलं तर जाऊ नका. पहिल्या वेळी 20 ग्रॅम पुरे, आणि उपाशी जाऊ नका, कुणी काहीही सांगो. नेहमीची गोळी चुकवू नका. तिथे छाती धडधडली, गरगरलं, तर उठा. कुणी उठू देत नसेल तरी उठा, आणि शेजारच्याला होत असेल तर त्यालाही उठवा, मग तो आयुष्यभर रागावला तरी चालेल.

रोज पिण्याचं राहिलंच. 10-15 ग्रॅम सकाळी प्यायला निरोगी माणसाला हरकत नाही. मी पिते, पाण्यात, चिमूटभर मिरची घालून. संध्याकाळी नको, झोप उडते. 40 ग्रॅम रोज घेऊ नका. लॅटिन अमेरिकेतल्या काही जमिनींमुळे बियांत कॅडमियम जास्त येतं, युरोपात त्यावर 2019 पासून मर्यादाही आहे, त्यामुळे विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागा. मोनोअमाइन ऑक्सिडेझ रोखणारी नैराश्याची औषधं चालू असतील तर काकाओ टाळा. फ्लुवॉक्सामिन हे नैराश्यावरचं औषध चालू असेल तर कॅफिन शरीरात फार रेंगाळतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, गरोदरपण असेल तरीही आधी विचारा. मुतखडे होत असतील तर यात ऑक्सलेट भरपूर असतं हे लक्षात ठेवा. लोह कमी असेल तर जेवणासोबत घेऊ नका. आणि घरात कुत्रा असेल तर पेला, पातेलं, वड्या सगळं त्याच्यापासून लांब. थिओब्रोमिन कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू उतरतं आणि ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं.