दुकानातलं पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघायला मागा

तुम्ही लिहिलंय की लॅब्रॅडॉरचं पिल्लू ४५ दिवसांचं आहे, दुकानदाराच्या म्हणण्यानुसार पहिली लस झालीय, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे, म्हणजे वंशावळीचे) पेपर तो महिनाभरात देणार आहे, आणि दुकान स्वच्छ असताना तिथून घ्यायला हरकत काय, असं घरचे विचारताहेत. दुकान स्वच्छ असेल, दुकानदार माणूस म्हणूनही चांगला असेल. पण दुकानाला पिल्लं विकायला कोणता ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, तयार होतो, हा खरा प्रश्न आहे.

नीट काम करणाऱ्या ब्रीडरला पिल्लू कोणाच्या घरी जातंय हे माहीत हवं असतं. तो तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो: घरी दिवसभर कोण असतं, सोसायटीची कटकट आहे का, बाहेरगावी गेलात तर कुत्र्याला कोण बघणार. नाही जमलं तर पिल्लू मलाच परत द्या, असंही सांगतो. दुकानाला पिल्लू दिलं की हे सगळं संपतं. शिवाय चांगल्या ब्रीडरची पिल्लं आधीच बुक झालेली असतात, त्याला दुकानाची गरजच नसते. म्हणजे दुकानापर्यंत येतो तो माल ज्याला गिऱ्हाईक कोण आहे याच्याशी देणंघेणं नाही त्याचा. त्यात मधला एजंट आणि दुकानदार दोघांचा वाटा निघतो, म्हणून मूळ ब्रीडरच्या हातात किमतीचा लहानसा भाग पडतो. तेवढ्यात फायदा काढायचा तर कात्री लागते ती मादीच्या खाण्याला, तपासण्यांना आणि लसींना.

लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. तो टाळायचा तर नर-मादी दोघांच्या खुब्यांचा एक्स-रे काढून मगच मेटिंग करायचं असतं, आणि अमेरिकेतल्या प्रचलित पद्धतीत त्याची पक्की श्रेणी कुत्रा दोन वर्षांचा झाल्यावरच मिळते. पहिल्या-दुसऱ्या हीटलाच, म्हणजे माजालाच, मादी भरवणारा माणूस दोन वर्षं थांबणार नाही. पिल्लात हा दोष दिसत नाही. सहा-आठ महिन्यांनी ते बसल्यावर उठायला कुरकुरायला लागतं, जिना टाळतं, तेव्हा कळतं.

आता वयाकडे या. चौथ्या ते आठव्या आठवड्यातला काळ ब्रीडरला सगळ्यात महागात जातो. आईचं दूध आटत येतं, सहा-आठ पिल्लं दिवसातून चार वेळा खातात, दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यावं लागतं, सहा ते आठ आठवड्यांदरम्यान पहिली लस येते. पिल्लू तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशीच एजंटकडे दिलं की हा खर्च वाचतो आणि दुकानाला सर्वात गोंडस दिसणारं वय मिळतं. पिल्लाचं मात्र याच आठवड्यांत नुकसान होतं. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते भावंडांशी खेळताना शिकतं. लवकर तोडलेली पिल्लं पुढे घरातल्या मुलांचे हात फोडतात, त्यामागे बरेचदा हेच असतं.

दुकानदाराने सांगितलेलं वय तोंडात बघून पडताळता येतं. ओठ हलकेच वर करा. पुढचे दात आणि सुळे बाहेर आलेत, पण सुळ्यांमागच्या दाढा अजून हिरडीतच असतील तर पिल्लू पाच आठवड्यांच्या आसपासचं किंवा त्याहून लहान समजा. हा अंदाज असतो, छोट्या जातींत दात उशिरा येतात. पण लॅब्रॅडॉरमध्ये तो बराच जुळतो.

आणि ४५ दिवस खरे धरले तरी ते बेकायदाच आहे. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार आठ आठवडे, म्हणजे ५६ दिवस, पूर्ण होण्याआधी पिल्लू विकता येत नाही. विकताना मायक्रोचिप (कातडीखालची ओळखीची चिप) बसवलेली आणि लसीकरण झालेलं असावं लागतं. मादी किमान १८ महिन्यांची हवी, वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. दुकानांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि प्रमाणपत्र दुकानात दर्शनी भागात लावावं लागतं. ते दाखवा म्हणा.

लसीच्या कार्डावर बाटलीवरचा स्टिकर हवा, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक. नुसतं पेनाने लिहिलेलं 'डोस झाला' काही कामाचं नाही. स्टिकर असला तरी लस २ ते ८ अंशांत ठेवली होती का, हे कार्डावरून कळत नाही. त्यातून आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसी निष्प्रभ करू शकते, म्हणूनच डोस १६ आठवड्यांपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने द्यायचे असतात. एक डोस म्हणजे संरक्षण नव्हे. वेगवेगळ्या वेतांची पिल्लं एकाच गाडीतून येतात, शेजारी शेजारी ठेवली जातात, आणि पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या विषाणूची) लक्षणं लागण झाल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांनी दिसतात. दुकानात उड्या मारणारं पिल्लू तुमच्या घरी चौथ्या दिवशी उलट्या करतं आणि 'तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला दिलं' असं ऐकावं लागतं.

केसीआयच्या पेपरसाठी आई-बाप दोघं नोंदलेले असावे लागतात. आत्ताच त्यांचे नोंदणी क्रमांक आणि पिल्लाचा चिप नंबर मागा. चिप पंधरा आकडी असते, कुठलाही डॉक्टर स्कॅनरने वाचून देईल. आणि हे पेपर वंशावळीचे असतात, तब्येतीचे नाहीत.

ब्रीडरकडे जायचं ठरवलंत तर आई पिल्लांसोबत बघायचीच. सहा-आठ आठवड्यांपूर्वी व्यायलेल्या मादीचे सड अजून लोंबलेले असतात. पोट अगदी सपाट असेल तर दुसरीच मादी दाखवताहेत. बाप दुसऱ्या गावी असणं सामान्य आहे. 'येऊ नका, हायवेला भेटू' म्हणणारा किंवा एकाच वेळी पाच जातींची पिल्लं असणारा ब्रीडर नव्हे, एजंट आहे. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून दुकानं आणि दलालांना सहा महिन्यांखालची पिल्लं विकायला बंदी केली, ती याच कारणासाठी: आई दिसली की बरंच कळतं.

दया येऊन 'निदान हे तरी वाचवू' म्हणून घेऊ नका. तो पिंजरा दोन दिवसांत पुन्हा भरतो. पिल्लू आजारी दिसलं तर फोटो काढून जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी तक्रार द्या.

पिल्लू घरी आणून झालंच असेल तर २४ तासांत डॉक्टरकडे न्या, सोबत शीचा ताजा नमुना. जेवण सोडलं आणि उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, पार्व्होची चाचणी लगेच करून घ्या. पार्व्हो निघाला तर आधी घाण पूर्ण पुसून काढा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी या प्रमाणात फरशी दहा मिनिटं ओली ठेवा. फिनाइलवर विसंबू नका. विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा लसी पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात इतक्यात आणू नका.