कँटोनीजमध्ये ‘चुकलं’ कसं म्हणायचं?

प्रश्न : आम्ही हाँगकाँगला राहायला जातोय. कँटोनीजमध्ये ‘छॉ’ म्हणजे चूक, एवढं शिकले आहे. पण चुकीची बस धरली, ऐकण्यात चूक झाली, हे कसं सांगायचं? माफी कुठली मागायची?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सुटे शब्द पाठ करत बसू नका. ‘छॉ३’ क्रियापदाच्या मागे जोडायला शिका, रोजचं बरंचसं काम त्यातच भागतं. (आकडे सुरांचे : १ उंच सपाट, २ वर चढणारा, ३ मधला सपाट, ४ उतरणारा, ५ खालून थोडा चढणारा, ६ खालचा सपाट.)

थेंग१ म्हणजे ऐकणं; थेंग१ छॉ३ म्हणजे चुकीचं ऐकणं. तसंच थय२ छॉ३ चुकीचं वाचणं-पाहणं, कॉंग२ छॉ३ चुकीचं बोलणं. घडून गेलेल्या चुकीसाठी ‘चॉ२’ लावा, पण छॉच्या नंतरच : ताप३ छॉ३ चॉ२ छे१, चुकीची गाडी धरली. नवशिके चॉ मध्येच घुसवतात, तिथे वाक्य मोडतं. ‘चुकीचं ऐकलं नाही’ म्हणताना क्रियापदाच्या आधी नकाराचा मोउ५ येतो आणि चॉ गळतो : मोउ५ थेंग१ छॉ३.

उच्चारात मराठी माणसाला मोठा फायदा आहे. चॉमधला च म्हणजे आपल्या ‘चूक’मधला दंत्य च, छॉला जीभ तिथेच ठेवून श्वासाचा झोत द्या. मात्र ज्युतपिंग या रोमन लेखनात हा च ‘झेड’ने, क ‘जी’ने आणि त ‘डी’ने लिहितात. इंग्रजीसारखं वाचलंत तर सगळंच बिघडेल. सूरही सांभाळा : छॉ५ म्हणजे बसणं, आणि छॉ५ छे१ म्हणजे नुसता गाडीने प्रवास.

धक्का लागला, थोडा उशीर झाला, तर म्४ होउ२ यी३ सी१. खरंच कुणाचं नुकसान झालं असेल तर तोय३ म्४ च्यू६. च्यू म्हणताना ओठ गोल ठेवून ‘ई’ काढा. समोरचा म्४ कन२ यीउ३, म्हणजे ‘असू दे’, म्हणेल.

एक जपून वापरा : यव५ मोउ५ काउ२ छॉ३. शब्दशः ‘काही चुकलंय का?’, पण ऐकणाऱ्याला ‘हा काय प्रकार आहे!’ असा संताप ऐकू येतो. हॉटेलच्या बिलात शंका असेल तर शांतपणे विचारा : हय६ मय६ कय३ छॉ३ चॉ२? हिशोबात चूक झालीय का?