डॉक्टरांनी ब्रँड लिहिला असेल तर मेडिकलवाला त्याऐवजी जेनेरिक देऊ शकतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईच्या बीपीच्या गोळीचं ब्रँडचं नाव चिठ्ठीवर होतं. धायरीतल्या एका मेडिकलमध्ये तुम्ही "हीच जेनेरिकमध्ये (म्हणजे तेच औषध, पण ब्रँडऐवजी मूळ नावाने विकलं जाणारं) द्या" म्हणालात, तर त्यांनी सरळ नाही म्हटलं. पुढच्या चौकातल्या दुकानाने मात्र काही न विचारता दुसऱ्याच कंपनीची स्ट्रिप दिली. नियमाने वागलं कोण?

नाही म्हणणारा. मी रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे, कर्वेनगरमध्ये २२ वर्षं मेडिकल चालवते. हे उत्तर मला स्वतःला फारसं आवडत नाही, पण कायदा तसाच आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५, त्यातला नियम ६५ आणि त्याचा पोटनियम ११-ए. शेड्यूल एच किंवा एक्समधलं (म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतलं) औषध चिठ्ठीवर असेल तर त्याच्या बदल्यात दुसरं काहीही देता येत नाही, मग त्यात तेच घटक असोत वा नसोत. "तेच घटक असले तरी" हे त्यात स्पष्ट आहे, त्यामुळे "कंटेंट सेम आहे हो" हे काउंटरवरचं रोजचं वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. पाकिटावर आरएक्स आणि लाल रेघ असते ना, ती बघत जा. अ‍ॅम्लोडिपिनसारखी बीपीची गोळी शेड्यूल एचमध्येच आहे. साध्या तापाच्या पॅरासिटामॉलला हे बंधन नाही, तिथे कंपनी तुम्ही निवडा.

आता हा नियम दररोज मोडला जातो हेही खरं. माल संपलेला असतो, गिऱ्हाईक घाईत असतं, आणि काही दुकानांत मार्जिन बघितलं जातं. माझ्या दुकानातही एकदा हे झालंय, आणि ते मी विसरू शकत नाही.

सोसायटीतल्या एक आजी, वय ७८. त्यांची अ‍ॅम्लोडिपिन ५ आमच्याकडे संपली होती. मी जेवायला घरी गेले होते, काउंटरवरच्या मुलाने दुसऱ्या कंपनीची ५ दिली. औषध तेच, ताकद तीच, फक्त गोळ्यांचा पत्ता, म्हणजे स्ट्रिप, हिरव्याऐवजी चंदेरी. सांगितलं मात्र काहीच नाही. तीन आठवड्यांनी आजी पिशवी घेऊन आल्या. "अगं, पाय बघ कसे सुजलेत, उठलं की भोवळ येते." मी डबा उघडायला लावला. सकाळच्या खणात दोन गोळ्या, एक हिरव्या पत्त्यातली, एक चंदेरी. घरी जुन्या गोळ्या शिल्लक होत्या, आणि नवीन ही डॉक्टरांनी वाढवलेली असं त्यांनी धरलं होतं. म्हणजे रोज दुप्पट डोस. आजी डॉक्टरांकडे गेल्या, एक गोळी बंद झाली, सूज उतरली. आजी आम्हाला एक शब्दही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून आमच्याकडे कंपनी बदलायची तर आधी डॉक्टरांना फोन, आणि गिऱ्हाइकाच्या देखत नव्या पत्त्यावर मार्करने "जुन्याऐवजी" असं लिहायचं.

म्हणून हा नियम निव्वळ कंपन्यांच्या सोयीचा आहे असं मी म्हणणार नाही. "कंटेंट सेम" यातच कितीतरी खाचा आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेट दिवसातून एकदा घ्यायची सावकाश सुटणारी गोळी असते, मेटोप्रोलॉल टार्ट्रेट साधारण दोनदा घ्यावी लागते. नाव अर्धवट वाचलं की संपलं. थायरॉइडची गोळी, फिटची फेनिटॉइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन यांत डोसचा थोडासा फरकही अंगावर येतो. थायरॉइडला कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करून घ्यावी.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत बहिणीला फार्मसीवाले आपणहून जेनेरिक देतात. देतात, कारण तिथल्या औषध प्रशासनाने कुठलं औषध कुठल्याच्या बरोबरीचं याची अधिकृत यादीच केली आहे. डॉक्टरला बदल नको असेल तर त्याने तसं चिठ्ठीवर लिहायचं. आपल्याकडे फार्मासिस्टच्या हातात तशी यादी नाही. गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच पोहोचते का, ही चाचणीसुद्धा इथे २०१७ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक गटांतल्या औषधांना सक्तीची झाली. यादी द्या, गिऱ्हाइकाची संमती आणि बिलावर नोंद सक्तीची करा, आणि मग आम्हाला बदलायची मुभा द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. आज मुभा नाही आणि बदल तर सर्रास होतो, म्हणजे नोंद कुठेच राहत नाही. यात नुकसान पेशंटचं होतं.

मग स्वस्त औषध मिळवायचं कसं? किल्ली डॉक्टरांच्या पेनात आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २०१६ च्या दुरुस्तीनंतर असंच म्हटलंय की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याहून कडक नियम आणले होते, डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. त्यांचं म्हणणं होतं, आम्ही कंपनी लिहिली नाही तर ती केमिस्ट निवडणार. ही भीती खोटी नाही. ट्रेड जेनेरिक म्हणून, म्हणजे डॉक्टरांकडे प्रचार न करता कंपनी थेट दुकानांना विकते असा, जो माल येतो त्यावर एमआरपी ब्रँडइतकीच छापलेली असू शकते, आणि दुकानाला तो त्याच्या कितीतरी खाली पडतो. सूट दिली तर तुमचा फायदा, नाही दिली तर सगळा दुकानाचा. म्हणून "जेनेरिक आहे" एवढ्यावर खूश होऊ नका, छापील किंमत आणि बिल दोन्ही बघा.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ म्हणा, "सर, ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहा, आणि जेनेरिक चालेल का तेवढं लिहून द्या." बहुतेक डॉक्टर लिहितात, मागावं मात्र लागतं. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिकच्या दुकानात, जा. २००८ साली ही योजना सुरू झाली, पुण्यात बऱ्याच भागांत केंद्रं आहेत, आणि रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांत महिन्याच्या खर्चात ठसठशीत फरक पडतो. नुसत्या ब्रँडच्या चिठ्ठीवर तेही बदलून देतात, पण नियम अक्षरशः वाचला तर त्यांनाही ११-ए लागू आहेच. मूळ नाव लिहून आणलंत तर हा प्रश्नच उरत नाही.

जेनेरिक म्हणजे हलकं, हा समज मात्र काढून टाका. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी, पेनिसिलिन बनवायची. बाबा म्हणायचे, बाटलीवरचं नाव आजाऱ्याला बरं करत नाही, आतलं औषध करतं.

राहिली ती दुसऱ्या दुकानाने दिलेली स्ट्रिप. पाठीमागचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि पुढे एसआर, एक्सएल असं (सावकाश सुटणाऱ्या गोळीची खूण) काही आहे का, हे जुन्या पत्त्याशी ताडून बघा. एकाच घटकाच्या औषधावर २०१८ पासून मूळ नाव ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरांत छापावं लागतं, त्यामुळे शोधावं लागणार नाही. जुळत नसेल तर देऊ नका, बिल घेऊन परत जा. बिल दिलं नसेल तर बॅच नंबरासह मागा, तो तुमचा हक्क आहे. जुळत असेल तरी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि आईचा गोळ्यांचा डबा आज संध्याकाळीच स्वतः उघडून बघा, जुनी आणि नवी एकाच खणात नाही ना.