स्टॅम्पने फुलांची ग्रीटिंग कार्डं करतेय, पण इंक ब्लेंडिंगला डाग पडतात आणि स्टॅम्प अर्धाच उमटतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की खारघरला राहता, गेले चार महिने व्हिडिओ बघून कार्डं करताय, ब्रशने शाई पसरायला घेतली की पहिला हात लागतो तिथे गोल डाग बसतो तो शेवटपर्यंत जात नाही, फुलाचा स्टॅम्प मधे उमटतो आणि कडेच्या पाकळ्या गायब, आणि खाली विचारलंय की बाहेरचं, म्हणजे परदेशी, महाग सामान आणल्याशिवाय हे जमतच नाही का. शेवटचं आधी सांगते, जमतं. मी ठाण्यात नौपाड्याला राहते, सात-आठ वर्षं हे करतेय, त्यातली पहिली दोन वर्षं नुसतं सामान जमवण्यात गेली आणि तेव्हाची कार्डं आज बघवत नाहीत. सासूबाईंनी एकदा हिशोब काढला होता, एवढ्या पैशात छापील दोनशे आली असती गं.

आता डाग. बहुतेक व्हिडिओंत दिसते ती डाय इंक, म्हणजे विरघळलेला रंग, तो कागद लगेच पितो. पॅडवरून उचललेल्या ब्रशच्या पहिल्या टेकण्यात सगळ्यात जास्त शाई असते आणि तो तुम्ही सरळ कार्डाच्या मधोमध ठेवला की तेवढी जागा भरपेट पिऊन बसते, मग वरून कितीही गोल गोल फिरवा, डाग फिका होत नाही, आजूबाजूचं गडद करूनच त्याला लपवावं लागतं. म्हणून ब्रश कार्डावर कधीच सुरू करायचा नाही. कार्डाच्या बाहेर, खाली जे काही अंथरलंय त्याच्यावर दोन-चार वेळा फिरवायचा आणि फिरवत फिरवतच, न उचलता, कडेवरून आत यायचं. हात इतका हलका की ब्रशचे केस वाकता कामा नयेत. पहिल्या तीन-चार फेऱ्यांत कागदावर जवळपास काहीच दिसत नाही, वाटतं शाई लागलीच नाही, आणि नेमकं तिथेच आपण जोर लावतो. लावू नका, पाचव्या-सहाव्या फेरीला रंग आपोआप वर येतो. फिकट रंग आधी, गडद नंतर, आणि गडद झाल्यावर दोघांच्या जोडावर परत फिकटाचाच ब्रश फिरवायचा, सीमा विरघळते.

खाली अंथरायला ग्लास मॅट वगैरे काही नको. घरात सुताराचं काम झालं तेव्हा उरलेला सनमायकाचा तुकडा मी वापरते, शाई पीत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं. ब्लेंडिंग ब्रशही मेकअपचेच घेतलेत, जांभळी नाक्याला कॉस्मेटिकच्या दुकानात गालाला लावायचे भरगच्च केसांचे स्वस्तातले मिळतात ते, फक्त एका रंगाच्या घराण्याला एक ब्रश ठेवायचा, गुलाबी-लालचा वेगळा, पिवळ्या-केशरीचा वेगळा, हिरव्याचा वेगळा. धुवायला साधा शांपू. बाहेरची एकच गोष्ट मी घ्या म्हणेन ती म्हणजे रेंजर कंपनीची डिस्ट्रेस ऑक्साइड शाई, दोन-तीनच रंग. ती डाय आणि पिगमेंट (म्हणजे न विरघळणारे बारीक रंगकण) दोन्हींचं मिश्रण आहे, त्यामुळे लगेच शोषली जात नाही, तुम्हाला पसरवायला वेळ देते, आणि नवशिक्याला पाहिजे असतो तो वेळच. पाण्याचे थेंब शिंपडून दहा सेकंदांनी टिपले की तिथे खडूसारखे फिकट ठिपके उठतात, फुलांच्या मागे ते फार छान दिसतं.

पण खरं सांगू का, दहातल्या सात वेळा गुन्हेगार कागद असतो. तुम्ही लिहिलंय की हँडमेड पेपरवर करताय. तो दिसतो सुंदर पण बऱ्याचदा त्यात खळ कमी असते, टिपकागदासारखा पितो, वर खरबरीत असल्याने खळग्यांत शाई साठते. तो आतल्या कार्डाला वापरा, वर चिकटवायच्या ब्लेंडिंगच्या तुकड्याला नको. लग्नपत्रिकेचा चकचकीत आर्ट कार्डही नको, त्याच्यावर शाई वाळतच नाही, बोटाला येते. गुळगुळीत पण न चकाकणारं कार्डशीट हवं, २५० ते ३०० जीएसएमचं (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन), किंवा गुळगुळीत पोताचा वॉटरकलर पेपर, ज्याला हॉट प्रेस म्हणतात. दुकानात नुसतं हात लावून कळत नाही, एक-एक शीट घेऊन या, प्रत्येकाच्या कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवा, जो कागद थेंब लगेच गिळतो तो बाद. मी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून एकदम आणते, ठाण्याहून सीएसएमटीला फास्ट लोकल आणि पुढे चालत, पण दोन कार्डांसाठी एवढा खटाटोप नको, खारघर-वाशीतली स्टेशनरीची दुकानं पुरे.

आणि पावसाळा! हे व्हिडिओवाल्या बायका सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे घरात बुरशी येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद हवेतली ओल घेतो, हाताला थंड आणि सादळलेल्या पापडासारखा मऊ लागतो, अशा कागदावर डाय इंक पसरते आणि डाग दुप्पट. तुम्ही जून-जुलैतच सुरू केलंय म्हणजे तुमच्या निम्म्या त्रासाचं कारण तेच असणार. कागद झिपच्या पिशवीत ठेवा, चपलांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि वापरायच्या आधी वर सुती फडकं घालून मंद इस्त्री फिरवा. मी हे शिकले ते ४० कार्डांचं नुकसान करून. ओळखीतल्या एका काकूंच्या साठीला परतभेट म्हणून द्यायची होती, जुलै महिना, मी पिगमेंट शाईने जास्वंदी छापल्या, ती शाई कागदाच्या वर बसते आणि हळूहळू वाळते, मी रात्री सगळी एकावर एक रचून खोक्यात भरली आणि सकाळी बघते तर प्रत्येक कार्डाच्या पाठीवर खालच्याची जास्वंद उलटी उमटलेली. घरातले म्हणाले राहू दे, डिझाइन वाटेल. नाही वाटलं. पिगमेंट शाई वापरलीच तर तिच्यावर एम्बॉसिंग पावडर (गरम केली की वितळून उठावदार होते ती) टाकून गरम करायची म्हणजे ती पक्की होते. हेअर ड्रायर चालत नाही, त्याला तेवढी उष्णता नसते आणि पावडर उडून जाते ती वेगळीच. हीट गन (खूप गरम हवा सोडणारं यंत्र) नसेल तर इस्त्री उलटी नीट पक्की टेकवून तिच्या तळापासून थोडं वर कार्डाची पाठ धरा, पावडर वितळताना डोळ्यांना दिसते, दाणेदार होती ती एकदम चकचकीत होत जाते. आणि आधी कागदावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवा, नाहीतर दमट कागदावर एम्बॉसिंग पावडर नको तिथे चिकटून सगळं कार्ड पुरळ उठल्यासारखं दिसतं.

स्टॅम्प अर्धा उमटतो त्याला तीन कारणं असतात आणि तिन्ही फुकटात सुटतात. नवीन पारदर्शक स्टॅम्पवर कारखान्यातला एक तुळतुळीत थर असतो, शाईचे थेंब थेंब होतात, त्याच्यावरून साधं खोडरबर हलकं घासा. दुसरं, आपण ऑफिसच्या शिक्क्यासारखा स्टॅम्प पॅडवर दाबतो, उलटं करायचं, स्टॅम्प उताणा धरून पॅड त्याच्यावर टपटप टेकवायचं म्हणजे कडेपर्यंत शाई गेली की नाही ते दिसतं. तिसरं म्हणजे खालचं टेबल कडक असतं, कागदाखाली जुना माउसपॅड ठेवा, कडेच्या पाकळ्या लगेच येतील. दाबताना स्टॅम्प ज्याला चिकटवलाय तो ठोकळा डुलवू नका, सरळ खाली, सरळ वर. तरी कमी आलं तर त्याच जागी परत छापता यावं म्हणून स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्म मिळतो, महाग आहे, मी जुन्या सीडीच्या प्लास्टिकच्या डबीवर काम चालवलं बरीच वर्षं, झाकणाच्या आतून स्टॅम्प चिकटवायचा, तळाला कागद कोपऱ्यात घट्ट बसवायचा, झाकण मिटलं की स्टॅम्प दर वेळी त्याच ठिकाणी येतो. जाड स्टॅम्पला ती डबी पुरत नाही एवढंच. आणि छापायला घरातलं ऑफिसचं जांभळं पॅड घेऊ नका प्लीज, वरून ओला ब्रश लागला की ती शाई फुटते आणि गुलाबाचं फूल बँकेने मंजूर केल्यासारखं दिसतं.

फुलांमागे फुलं दाखवायची असतील, म्हणजे गुच्छ, तर सगळ्यात पुढचं फूल आधी छापायचं. मग तेच फूल पिवळ्या चिकट चिठ्ठीच्या गोंदाच्या बाजूला छापून कापायचं, रेषेच्या किंचित आतून, कारण बाहेरून कापलं की भोवती पांढरी कड राहते. ती चिठ्ठी पहिल्या फुलावर बसवून बाकीची फुलं त्याच्यावरून बिनधास्त छापा, चिठ्ठी काढली की ती मागे गेलेली दिसतात.

आता मला आवडणारा भाग. बाहेरच्या स्टॅम्पच्या सेटमध्ये पिओनी, पॉपी, डॅफोडिल असतात, आपल्या कार्डावर ती परकी वाटतात, निदान मला तरी. स्टेशनजवळ रबरी शिक्के करून देणारे असतात ना, डॉक्टरांचे, सोसायटीचे, त्यांच्याकडे स्वतःचं रेखाचित्र घेऊन जा. ते चित्राची फिल्म काढून पॉलिमरमध्ये शिक्का करतात, नावाच्या शिक्क्याला जे करतात तेच. काळ्या पेनाने काढा, रेषा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि साधा शिक्का सांगा, आत शाई भरलेला नको, नाहीतर तुमची शाई वापरताच येणार नाही. मी २०२४ ला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात कारवी फुलली होती तेव्हा फोटोवरून एक फांदी काढली आणि करून घेतली, ती आठ वर्षांनी एकदा फुलते म्हणजे आता २०३२, तोवर माझा शिक्का आहे. शुभेच्छाही मराठीतल्या तशाच करून घेतल्या, पण प्रूफ बघितल्याशिवाय हो म्हणू नका. माझ्या पहिल्या शिक्क्यावर ‘वाढदिवसाच्या हादिक शुभेछा’ आलं होतं, रफार गायब आणि च्छ चा छ, आणि मी तो दुकानातून बाहेर पडून रिक्षात बसल्यावर वाचला. अक्षर फार लहान ठेवू नका, वेलांट्या-मात्रा शाईने भरून जातात.

ब्लेंडिंग शिकायला तामण घ्या असं सांगेन. आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात रस्त्याकडेला जांभळं-गुलाबी फुललेलं असतं, सहा पाकळ्या, त्याही इस्त्री न केलेल्या क्रेपसारख्या चुरगळलेल्या, त्यामुळे ब्लेंडिंग थोडं कमीजास्त झालं तरी खपतं. अडचण एकच, मधले केसर पिवळे. पिवळा आणि जांभळा एकमेकांत गेले की मातकट तपकिरी होतं, कितीही चांगली शाई असू द्या. म्हणून मधला भाग झाकायचा आणि त्याला माझा उपाय कपाळाची टिकली. आधी दोन-तीनदा हाताच्या पाठीवर चिकटवून गोंद कमी करा, नाहीतर काढताना कागदाची साल निघते, मग फुलाच्या मधे लावा. कडेकडेने फिकट गुलाबी फिरवत आत या, पाकळ्यांच्या टोकांना जांभळा, जोडावर परत गुलाबी, टिकली काढा, पांढऱ्या गोलात पिवळ्याचे ठिपके कापसाच्या काडीने. जास्वंदीला हे लागत नाही, लाल-पिवळं मिसळलं तर केशरीच होतं, ते चालतं. हिरवी पानं मात्र लाल फुलाच्या अंगावर ब्लेंड करू नका, तिथेही चिखल होतो.

खर्चाचं विचारलंत, मी आकडे सांगत नाही, दर महिन्याला बदलतात, पण सुरुवातीला एक शिक्का, तीन शाया, तीन मेकअप ब्रश आणि पंचवीस शीट चांगला कागद, बस. घडी घालताना संपलेल्या रिफिलने पट्टीला धरून आधी रेघ ओढा, नाहीतर जाड कागद फाटल्यासारखा मोडतो. टपालाने पाठवणार असाल तर वजन बघा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, ३०० जीएसएमचं अर्धं ए४ शीट साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं, त्याच्यावर तेवढ्याच जाडीचा वरचा तुकडा आणि पाकीट धरलं की तुम्ही काठावरच आहात, मणी-टिकल्या-फोम चिकटवले की वर जाणार, आणि फोम लावलेलं कार्ड शिक्का मारताना दबतं ते वेगळंच.

एका शीटच्या चार पट्ट्या कापून आज फक्त कडेवरून आत यायची प्रॅक्टिस करा, शिक्का हातात घेऊ नका. त्यातूनही डाग राहिलाच तर त्याच्यावर फुलपाखरू कापून चिकटवायचं. माझ्या निम्म्या कार्डांवर फुलपाखरं आहेत.