एमएसनंतर लगेच एमसीएच?

एमएसचा, म्हणजे सर्जरीच्या पदव्युत्तर पदवीचा, निकाल लागला की भेटेल तो विचारतो, "आता एमसीएच कशात?" एमसीएच म्हणजे एमएसनंतरची, शस्त्रक्रियेच्या एकाच शाखेतली पदवी. त्या प्रश्नाच्या दडपणाखाली तिच्या प्रवेशपरीक्षेचा, नीट-एसएसचा, फॉर्म भरू नकोस.

आधी हिशेब मांड. इंटर्नशिपसकट एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची 3, एमसीएचची आणखी 3. झाली साडेअकरा. बाँडची सक्तीची सरकारी सेवा आणि तयारीत गेलेलं वर्ष वेगळंच. मेंदूची, लहान मुलांची किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रियाच आयुष्यभर करायची असेल, तर एमसीएच नाहीतर त्याच तोडीचं डीआरएनबी करायलाच हवं. मग मनापासून कर.

पण तुला तालुक्याच्या गावी काम करायचंय ना? तिथे रात्री दोनला फुटलेलं अपेंडिक्स येतं, हर्नियात अडकून काळं पडलेलं आतडं येतं, मधुमेहाने सडलेला पाय येतो. मी 22 वर्षं हेच करतोय. तिथे तयार हात लागतो, आणि कधी थांबायचं, कधी पुढे पाठवायचं याची समज लागते. त्यासाठी दोन वर्षं अशा रुग्णालयात सिनिअर रेसिडेंट म्हणून राहा, जिथे इमर्जन्सी भरपूर असतात आणि सर शेजारी उभे राहून तुला केस करू देतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एफएमएएस ही फेलोशिप जरूर कर, पण तो कोर्स मोजक्या दिवसांचा; आतून गाठ मारायला हात बसतो तो ट्रेनरवर, म्हणजे सरावाच्या पेटीवर, रोज अर्धा तास घालवूनच.

पीएचडी? एखादा संशोधनाचा प्रश्न झोपू देत नसेल तरच.

तरीही मन एमसीएचकडे ओढत असेल, तर त्या शाखेच्या ओपीडीत आधी पंधरा दिवस बसून ये.