क्लासची फी आणि दिलेला शब्द

इंदूरमधील मराठी घरांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक गेली काही वर्षे एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत मांडत आहेत. मुलाला आयटीत शिरायचे आहे, त्यासाठी एक प्राथमिक प्रमाणपत्र हवे आहे, पण भंवरकुआं या क्लासेसच्या भागातल्या क्लासची फी परवडत नाही. मग कर्ज काढावे की तो विचारच सोडून द्यावा?

निखिलची (नाव बदलले आहे) आई आली तीच निर्णय घेऊन. ‘‘ताई, पाटल्या मोडायला माझी ना नाही. या वेळी तरी हा पूर्ण करील ना, तेवढं सांगा.’’ त्या वाक्यातला ‘या वेळी’ मी मनात टिपून ठेवला.

निखिलने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडले होते आणि दोन वर्षांपासून तो सिल्व्हर मॉलमधील एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. त्याला कॉम्पटिया या आयटी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे ‘ए प्लस’ हे संगणक दुरुस्ती व देखभालीचे प्राथमिक प्रमाणपत्र हवे होते. त्यासाठी कोअर १ आणि कोअर २ अशा दोन परीक्षा असतात. प्रत्येकीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवावे लागतात आणि क्लासची अट कुठेही नाही. हे सारे त्याला माहीत होते. तरीही तीन भेटींत तो क्लासचाच आग्रह धरून बसला, तेव्हा मी विचारले, ‘‘क्लासमध्ये तुला असं काय मिळणार आहे, जे बाहेर मिळत नाही?’’

बराच वेळ तो घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, ‘‘मॅडम, फी भरली की बाबांना पटेल, मी मध्येच सोडणार नाही म्हणून.’’

त्याला फी हवी होती ती जामीन म्हणून. एकदा मोडलेल्या शब्दावर घरचे पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते, आणि माझ्या अनुभवात माणसाला परिस्थितीपेक्षा असे स्वतःच काढलेले निष्कर्षच अधिक अडवतात. पैशांचा प्रश्न खोटा नव्हता. परंतु तो सोडवण्याआधी हा निष्कर्ष तपासणे आवश्यक होते.

पुढच्या भेटीला मी त्याला कॉम्पटियाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळणारा कोअर १चा अभ्यासक्रम छापून आणायला सांगितला आणि दुकानात रोज हाताखालून जाणाऱ्या मुद्द्यांवर माझ्यासमोर पेन्सिलीने खुणा करायला लावल्या. रॅम, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग), प्रिंटरचे रोलर, चालू न होणारा लॅपटॉप : पेन्सिल थांबेना. या परीक्षेत हार्डवेअरला २५ टक्के आणि बिघाड शोधण्याला २८ टक्के भार आहे. बेरीज करून तो म्हणाला, ‘‘म्हणजे निम्म्याहून जास्त मी रोजच करतोय?’’ मी उत्तर दिले नाही. ते त्याच्याच तोंडून आले होते आणि तिथेच ते राहावे असे मला वाटले.

उरलेल्या भागासाठी फारसा खर्च येत नाही. प्रोफेसर मेसर यांची या परीक्षांवरची संपूर्ण व्हिडिओमाला यूट्यूबवर विनामूल्य आहे. व्हर्च्युअलबॉक्स वापरून आपल्याच संगणकात दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवून, मोडून, पुन्हा बसवता येते. नेटवर्कच्या सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर विनामूल्य आहे. पैसा राखून ठेवायचा तो परीक्षाशुल्कासाठी, आणि तेही दोन्ही परीक्षांचे एकदम न भरता, सराव चाचण्यांत सातत्याने चांगले गुण मिळू लागल्यावर एकेका परीक्षेचे भरावे. ‘हमखास येणारे प्रश्न’ विकणाऱ्यांपासून मात्र मी सर्वांना कळकळीने सावध करते : ते वापरल्याचे उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात अज्ञान उघडे पडते ते वेगळेच. ज्याला घरी एकट्याने अभ्यासाला बसणे खरोखर जमत नाही, त्याने क्लास जरूर लावावा. मात्र त्यासाठी दागिना मोडू नये.

जामिनाचा प्रश्न उरला होता. पुढच्या भेटीला मी वडिलांना बोलावले. ते बँकेतून निवृत्त झालेले, मोजके बोलणारे गृहस्थ. निखिलने तो छापील अभ्यासक्रम त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, ‘‘बाबा, दर रविवारी तुम्ही मला यातलं विचारा. जे सांगता येईल त्यापुढेच तारीख घाला.’’ त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, खिशातून पेन काढले आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवून विचारले, ‘‘हे काय असतं, सांग.’’

कोअर १ तो सात महिन्यांनी उत्तीर्ण झाला. ९००पैकी ६७५ गुण लागतात. त्याला ७२८ मिळाले. कोअर २चा अभ्यासक्रम या वेळी वडिलांनीच छापून आणला आहे.