काखेतली गाठ दुखत नाही, मग थांबायचं का?

यावेळचे सगळे प्रश्न काखेतल्या सुजेचे आहेत आणि जवळपास प्रत्येकामागे एकच धास्ती आहे, स्तनाच्या कॅन्सरची.

प्रश्न : द्राक्षबागेत छाटणीला जाते. आठ दिवसांपूर्वी कात्री उजव्या अंगठ्याला लागली. आता उजव्या काखेत बोराएवढी गाठ आहे, हात उचलला की ठणकते. मावशी म्हणतात, बिब्बा लाव. (वय 34, दिंडोरी तालुका)

हे बहुधा अवधाण, म्हणजे जखमेमुळे काखेत आलेली गाठ आहे. काखेत 20 ते 40 लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) असतात. हात, छातीची भिंत आणि स्तनाचा बराचसा भाग, इथला लसिकाद्रव या ग्रंथींतून गाळून पुढे जातो. अंगठ्यातले जंतू तिथे अडले की ग्रंथी फुगते आणि दुखते. जखम भरली की ठणका आधी थांबतो, गाठ जिरायला मात्र तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर दिवसातून दहादा चाचपून बघू नका, सारख्या दाबण्यानेही ती दुखरी राहते.

बिब्बा मुळीच नको. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि मग खालची गाठ डॉक्टरांच्या हाताला नीट लागत नाही. इलाज अंगठ्याचा करायचा आहे. नखाच्या कडेला पू किंवा आत काडीचा तुकडा राहिलाय का ते दाखवून घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर आताही घ्या. ताप आला किंवा जखमेपासून काखेकडे लाल रेघ चढू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. चार आठवड्यांत गाठ गेली नाही, तर पुढचं उत्तर तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : डाव्या काखेत दोन महिन्यांपासून सुपारीएवढी कडक गाठ आहे. दुखत नाही. स्तनात हाताला काही लागत नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. दुखत नाही म्हणजे साधीच ना? (वय 46, सिडको)

ताई, तसं धरून चालू नका. कॅन्सर पसरलेली ग्रंथी सुरुवातीला सहसा दुखतच नाही, म्हणून तर महिने निघून जातात. तुमची गाठ स्तनाच्या कॅन्सरचीच आहे असं नाही. टीबीची किंवा लिम्फोमाचीही (लसिकाग्रंथींचाच कॅन्सर) असू शकते. पण कडक, न दुखणारी आणि दोन कोर्सनंतरही तशीच, हे पाहता तिसरा कोर्स घेण्यात अर्थ नाही. याच आठवड्यात सर्जनला दाखवा.

दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळपट्टीच्या हाडावरचा खळगा, एवढं हाताने तपासलं गेलं पाहिजे. नेहमीची चूक इथेच होते. चिठ्ठीवर फक्त ‘डाव्या काखेची सोनोग्राफी’ लिहिलेलं असतं, तेवढीच होते आणि स्तन बघायचा राहून जातो. चिठ्ठीवर दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा असं लिहून घ्या. तुमच्या वयात मॅमोग्राफीही (स्तनाचा एक्स-रे) हवी. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, कारण त्यातले कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. जुन्या फिल्म असतील तर सोबत न्या.

सोनोग्राफीत निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी दिसते, मधोमध चरबीचा पांढरा भाग. तो भाग नाहीसा झाला असेल किंवा बाहेरची कड 3 मिलिमीटरपेक्षा जाड असेल, तर सुईने तुकडा काढून तपासतात. जागा बधिर करून कोअर बायोप्सी होते, सगळं मिळून साधारण अर्धा तास. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. कधीकधी ग्रंथीत स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी सापडतात, पण मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीत स्तन स्वच्छ दिसतो. असं फार क्वचित होतं आणि तेव्हा स्तनाचा एमआरआय करतात.

खर्चामुळे थांबू नका. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा शासकीय रुग्णालय आणि शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आपल्याकडे नाशिकमध्ये आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच फेरीत सोबत ठेवा.

प्रश्न : काखेत दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटल्यात, संध्याकाळी कणकण येते. डॉक्टर टीबीच्या गोळ्या सुरू करू म्हणतात. सासूबाई म्हणतात, सुई लावली की गाठ पसरते. (वय 29, पंचवटी)

सुईने आजार पसरेल या भीतीने तपासणी टाळू नका. सुई मात्र गोळ्यांच्या आधी लागायला हवी. अंदाजाने गोळ्या सुरू केल्या आणि आजार दुसराच निघाला, तर महत्त्वाचे महिने जातात. टीबीच असला, तरी जंतू औषधांना दाद देणारा आहे का, हे नमुन्यावरूनच कळतं. नमुना घेताना एक भाग सलाईनमध्ये वेगळा ठेवायला सांगा, त्यावर सीबीनॅट, म्हणजे टीबीचा जंतू ओळखणारी तपासणी होते. सगळाच नमुना फॉर्मेलिनच्या बाटलीत गेला तर त्यावर जंतूंचं कल्चर होत नाही (जंतू वाढवून बघता येत नाहीत), मग पुन्हा टोचून घ्यावं लागतं.

टीबी ठरला तर साधारण 6 महिने औषध, सरकारी केंद्रात मोफत. पहिल्या काही महिन्यांत गाठ उलट वाढू शकते. डॉक्टरांना जरूर दाखवा, पण मनाने गोळ्या सोडू नका. लघवी नारिंगी होते ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका.

प्रश्न : बाळंतपणाला चार दिवस झाले. दोन्ही काखांत मऊ फुगवटे आलेत. (वय 26, निफाड)

स्तनाच्या ऊतींचा थोडा भाग काही बायकांच्या काखेत असतो. दूध उतरलं की तोही भरतो. गार पाण्याची पट्टी ठेवा, दाबून पिळू नका, बाळाला पाजणं चालू ठेवा. साधारण आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. ताप आणि लाली आली किंवा एकाच बाजूला कडक गाठ राहिली, तर दाखवा.

प्रश्न : काखेत वर्षभर सारखी केसतोडं होतात, फुटतात, पुन्हा येतात. डिओडरंटने कॅन्सर होतो हे खरं का? (वय 23, कॉलेज रोड)

डिओडरंटने स्तनाचा कॅन्सर होतो याला भक्कम पुरावा नाही. तुमचा त्रास वेगळा दिसतो. त्याच जागी परत परत गळवं, जांघेतही तसंच, कातडीखाली नळीसारखे दोर, असं असेल तर तो हायड्राडेनायटिस असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. नुसती चीर देऊन पू काढला की आराम पडतो, पण आजार राहतो आणि व्रण वाढत जातात. ब्लेड बंद करा, केस कात्रीने बारीक ठेवा. तंबाखूचा धूर आणि वाढलेलं वजन यांनी हा आजार चिघळतो.

प्रश्न : घरी काख कशी तपासावी? पुरुषांनीही बघावं का? (वय 58, सिन्नर)

हात डोक्यावर नेऊन तपासलं तर कातडी ताणली जाते आणि खोलवरची गाठ निसटते. बसा, हात सैल सोडा, कोपर टेबलावर टेकवा. दुसऱ्या हाताची तीन बोटं जुळवून त्यांच्या गाद्या काखेच्या टोकापर्यंत वर सरकवा, बरगड्यांवर हलके दाबा आणि दाब न सोडता खाली ओढत आणा. मग हेच पुढच्या आणि मागच्या कडेला करा. साबणाचा हात असला तर बोटं सहज फिरतात. पाळी येणाऱ्या बायकांनी पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत बघावं, तेव्हा स्तन कमी दुखरे असतात.

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, बायकांच्या मानाने फार कमी. काखेबरोबर स्तनाग्रामागची जागाही चाचपून बघा. तिथे कडक गोळा लागला, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा बनियनला रक्ताचा डाग दिसला, तर लाज न बाळगता सर्जनला दाखवा.